क्विक-चेंज कॅपो

क्विक-चेंज कॅपो : गिटारच्या नेकवर (लांब मानेवर) स्प्रिंगच्या जोरावर बसणारा आणि एका हाताने काढता-घालता येणारा कॅपो. कॅपोची रबर लावलेली आडवी दांडी सगळ्या तारा एकाच फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूपट्टीवर) दाबून धरते. तो एक फ्रेट पुढे सरकवला की गिटार अर्ध्या स्वराने चढते आणि बोटांचे आकार मात्र तेच राहतात. आपल्याकडे साथीला बसणाऱ्या गिटारवादकाला याची किंमत लगेच कळते. गायिकेने ‘काळी चार’ (पेटीची चौथी काळी पट्टी, म्हणजे जी शार्प) सांगितली, तर कॅपोशिवाय बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचे कॉर्ड) धरून बोटे दुखवून घ्यावी लागतात. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की जीचे साधे, मोकळे कॉर्ड तिथेच वाजतात. सीचे आकार त्याच जागी काळी एकमध्ये येतात.

कॅपो मुळात जुनाच. अमेरिकेत जेम्स ॲशबॉर्न याने 1850 मध्ये एका कॅपोचे पेटंट घेतले. स्पेनच्या फ्लामेंको संगीताचे वादक लाकडी, खुंटीने आवळायची ‘सेखिया’ वापरत आले आहेत. स्प्रिंगचा प्रकार रुळला तो टेक्सासच्या कायझर कंपनीच्या ‘क्विक-चेंज’मुळे. जिम डनलप आणि इतर कंपन्यांचे, दांडा दाबून उघडायचे ट्रिगर कॅपो याच घराण्यातले. दोन गाण्यांच्या मध्ये, प्रसंगी गाणे चालू असतानाच, पट्टी बदलायची तर याला तोड नाही. काम नसताना तो हेडस्टॉकलाच (खुंट्यांच्या डोक्याकडच्या भागाला) अडकवून ठेवतात.

निवड करताना बहुतेक जण स्प्रिंग किती कडक आहे ते बघतात, आणि नेमकी तिथेच गफलत होते. तारा खरखरू नयेत इतकाच दाब हवा. फ्रेट फिंगरबोर्डच्या वर उचललेला असतो. त्यामुळे जादा दाबाने तार फ्रेटमागे खाली ओढली जाते, तिचा ताण वाढतो आणि स्वर चढतो. उंच फ्रेटच्या गिटारवर हे जास्त जाणवते. ट्रिगर कॅपोचा दाब कारखान्यात ठरलेला; तो कमी-जास्त करता येत नाही, हे या सोयीचे मोल. दाब जुळवायचा असेल तर शब कंपनीचा स्क्रू-तरफेचा कॅपो पाहावा. तो लावायला क्षणभर जास्त लागतो, पण सूर राखतो. रेकॉर्डिंगसाठी माझे मत त्याच बाजूने पडेल.

दुसरी गोष्ट दांडीच्या वळणाची. बहुतेक स्टील-स्ट्रिंग अकूस्टिकचा फिंगरबोर्ड किंचित कमानदार असतो, मार्टिन कंपनीच्या गिटारचा साधारण 16 इंच त्रिज्येचा. क्लासिकलचा बहुधा सपाट, आणि नटपाशी (नेकच्या वरच्या टोकाच्या, तारा टेकणाऱ्या पट्टीपाशी) सुमारे 52 मिमी रुंद. अकूस्टिकचा 43 ते 45 मिमी. क्लासिकलचा सपाट कॅपो कमानदार नेकवर बसवला की मधल्या डी आणि जी दबतात, कडेच्या तारा भुरभुरतात. बारा तारांच्या गिटारला वेगळा, अधिक जोराचा कॅपो घ्यावा.

दुकानात पारख करायची ती स्वतःच्याच गिटारवर. आधी कॅपोविना सूर लावावा, मग दुसऱ्या फ्रेटच्या अगदी मागे, पण फ्रेटवर न चढवता, कॅपो बसवून ट्यूनरवर सहाही तारा एकेक करून पाहाव्यात. सगळ्या सारख्याच थोड्या चढल्या तर निभावते. एकटी जाड ई किंवा जी उसळली तर तो कॅपो त्या गिटारचा नाही. पाचव्या फ्रेटवरही हीच तपासणी करावी, कारण तिथे नेक जाड होत जाते आणि स्प्रिंग अधिक ताणली जाते. कॅपो घासत सरकवू नये, उचलून ठेवावा. घासल्याने तारा आडव्या ओढल्या जातात आणि चांगला कॅपोही बेसूर ठरतो. ट्रिगरचा दांडा पहिल्या फ्रेटच्या कॉर्डांच्या वेळी हाताला लागतो का, हेही तेव्हाच कळते. नायट्रोसेल्युलोज लॅकरचा (एक प्रकारच्या वॉर्निशचा) लेप असलेल्या जुन्या गिटारवर कॅपो कायम लावून ठेवू नये, काही रबरांचे डाग त्यावर उठतात.