इंका ट्रेलचं परमिट: आधी पासपोर्ट, मग तारीख, मग बाकी सगळं

पेरूला जाऊन इंका ट्रेलने चार दिवस चालत माचू पिचू या डोंगरावरच्या प्राचीन इंका नगरीला पोहोचायचं, हे सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकणाऱ्या अनेकांच्या मनात असतं. शारीरिक तयारी आपली होऊ शकते. अडतं ते कागदांवर, आणि कागद चुकण्यापेक्षाही त्यांचा क्रम चुकल्यामुळे. कोणता कागद कधी काढायचा, त्यासाठी काय लागतं आणि भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी कुठे जास्त जपायचं, ते सविस्तर लिहितो आहे. आमच्या सहा जणांच्या गटाने हे सगळं केलेलं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. राजगडावर जातो तसं सॅक पाठीवर टाकून इंका ट्रेलवर जाता येत नाही. पेरू सरकारच्या नियमानुसार या वाटेवर दिवसाला जास्तीत जास्त ५०० माणसांनाच प्रवेश आहे. या ५०० मध्ये गाईड, स्वयंपाकी आणि पोर्टरही धरलेले असतात, त्यामुळे प्रत्यक्ष ट्रेकरच्या वाट्याला साधारण २०० जागा येतात. परमिट व्यक्तीला थेट मिळत नाही. पेरूमध्ये या वाटेसाठी परवाना असलेल्या ट्रेकिंग कंपनीमार्फतच ते काढावं लागतं आणि वाटेवर परवानाधारक गाईड सोबत असावाच लागतो. नव्वदच्या दशकात इथे कचरा आणि मातीची धूप इतकी वाढली होती की हे निर्बंध आणावे लागले. आपल्याकडच्या काही किल्ल्यांवर शनिवार-रविवारी काय होतं ते पाहिलेल्या माणसाला हा नियम जाचक वाटणार नाही. मला तर तो योग्यच वाटतो.

पासपोर्ट

परमिट तुमच्या नावावर आणि पासपोर्ट क्रमांकावर निघतं. एकदा निघालं की नाव बदलत नाही, तारीख बदलत नाही, पैसे परत मिळत नाहीत, दुसऱ्याला देता येत नाही. म्हणून पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर आधी नूतनीकरण करा, मगच परमिटचं बोला. पेरूत प्रवेश करताना पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी, हे हिशोबात धरा.

आता नावाचं बघू. महाराष्ट्रातल्या बहुतेक पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि स्वतःचं नाव व वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दुसऱ्या रकान्यात एकत्र असतं. कंपनीचा फॉर्म भरताना आपण सवयीने नाव आणि आडनाव एवढंच लिहून मोकळे होतो. तसं करू नका. पासपोर्टवर जे आहे ते अक्षरन्‌अक्षर, मधलं नाव धरून लिहा. फॉर्मसोबत पासपोर्टच्या पहिल्या पानाचा स्पष्ट फोटो पाठवा आणि परमिट निघाल्यावर त्याची प्रत मागवून स्वतः ताडून बघा. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलायचं असेल तर तेही आधीच उरकून घ्या.

आमच्या गटातल्या एका ताईंचा पासपोर्ट परमिट निघाल्यानंतर पानं संपली म्हणून बदलावा लागला. कंपनीला मेल केला होता, पण परमिटवर जुनाच क्रमांक राहिला. ट्रेकची सुरुवात पिस्काकुचो इथे होते. कुस्को शहराहून येणाऱ्या रेल्वेमार्गावरचा हा ८२ वा किलोमीटर, म्हणून सगळे त्याला ‘किलोमीटर ८२’ म्हणतात. तिथल्या खिडकीवरचा कर्मचारी यादीतल्या क्रमांकावर बोट ठेवून नव्या पासपोर्टकडे बघत होता आणि मान हलवत होता. ताईंनी रद्द झालेला जुना पासपोर्ट रबरबँडने नव्याला बांधून आणलेला होता. त्याने दोन्ही शेजारी शेजारी ठेवून फोटो, जन्मतारीख, क्रमांक तपासले आणि शिक्का मारला. या सगळ्याला पाच-सात मिनिटं लागली असतील, पण जुना पासपोर्ट डोंबिवलीच्या कपाटात राहिला असता तर त्या नाक्यावरूनच मागे फिरावं लागलं असतं. पासपोर्ट मध्येच बदलला तर कंपनीला लगेच कळवा आणि दोन्ही मूळ प्रती सोबत न्या. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो यांच्या भरवशावर राहू नका.

तारीख आणि परमिट

पुढच्या वर्षाच्या जागा अलीकडे साधारण ऑक्टोबरमध्ये खुल्या होतात. मे ते सप्टेंबर हा तिथला कोरडा हंगाम, त्यामुळे त्या तारखा सर्वांत आधी भरतात. आपल्याकडे मे महिन्याची सुट्टी सोयीची असते आणि हवामानाच्या दृष्टीनेही मे उत्तम आहे. पण त्यासाठी आधीच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत कोण येणार, कोण नाही, हे पक्कं झालेलं असायला हवं. “मार्चमध्ये बघू” म्हणणारा मित्र या ट्रेकला येऊ शकत नाही. फेब्रुवारीत पूर्ण महिना वाट देखभालीसाठी बंद असते. माचू पिचू मात्र तेव्हाही उघडं असतं.

कंपनीला द्यायचं ते एवढंच: पासपोर्टप्रमाणे नाव, क्रमांक, राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, लिंग आणि आगाऊ रक्कम. चार दिवस-तीन रात्रींचा, सुमारे ४३ किलोमीटरचा ट्रेक हा नेहमीचा. वेळ कमी असेल तर ‘किलोमीटर १०४’ पासून दोन दिवसांचा छोटा ट्रेक आहे, त्याचा कोटा वेगळा आणि त्यालाही परमिट लागतं. दोन्हींत माचू पिचूचा प्रवेश धरलेला असतो.

कंपनी निवडताना दराच्या आधी पोर्टरबद्दल विचारा. पोर्टरवर किती ओझं लादायचं याला तिथे कायदा आहे. २००१ च्या कायद्याने २० किलोची मर्यादा आली, आणि २०२२ च्या नव्या कायद्यात पुरुषांसाठी २० आणि महिलांसाठी १५ किलो अशी मर्यादा आहे. नाक्यावर ओझ्याचं खरोखर वजन होतं. काट्यावर पोतं चढवताना माझ्या वयाचा एक पोर्टर किती सावधपणे काट्याकडे बघत होता ते मी विसरलेलो नाही. म्हणून कंपनी तुम्हाला साधारण ७ किलोच सामान पोर्टरकडे द्यायला सांगते, स्लीपिंग बॅग धरून. त्यात घासाघीस करू नका. कंपनीला थेट विचारा: मजुरी किती देता, जेवण काय देता, झोपायला तंबू असतो का. नीट उत्तर देणारी कंपनी महाग पडते, तरी तिच्याकडेच जा.

पेरूचा व्हिसा कोणाला लागतो, कोणाला नाही

भारतीय नागरिकाला पर्यटनासाठी पेरूचा व्हिसा लागतो. मात्र मार्च २०१७ पासून एक सवलत आहे. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देश (एकच सामायिक व्हिसा चालणारे युरोपातले देश) यांपैकी कुठलाही, पेरूत शिरताना किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला व्हिसा, किंवा त्या देशातलं कायम वास्तव्य असेल, तर पर्यटनासाठी १८० दिवसांपर्यंत पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. अमेरिकेचा दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा असणाऱ्यांचं काम इथेच संपतं. युरोप सहलीसाठी मिळालेला थोड्या दिवसांचा शेंगेन व्हिसा मात्र बहुतेक वेळा या अटीत बसत नाही, कारण त्याची मुदतच सहा महिन्यांची नसते. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी आणखी एक पाहावं: तिथला मुक्काम कायदेशीर असला तरी पासपोर्टवरच्या व्हिसाची तारीख उलटून गेलेली असू शकते, आणि सवलत मिळते ती व्हिसावर.

ज्यांना व्हिसा लागतो त्यांचा अर्ज नवी दिल्लीतल्या पेरूच्या दूतावासाकडे जातो. विहित अर्ज (डीजीसी-००५ क्रमांकाचा), पासपोर्ट, फोटो, जाण्यायेण्याच्या विमानाचं आरक्षण, हॉटेलची आरक्षणं, बँकेची अलीकडची विवरणपत्रं आणि नोकरी किंवा व्यवसायाचा पुरावा ही मुख्य कागदपत्रं. नोकरदारांनी रजा मंजूर असल्याचं पत्र जोडावं. ट्रेकिंग कंपनीची पुष्टी आणि परमिटची प्रतही जोडा, त्यामुळे प्रवासाचा हेतू आणि तारखा स्पष्ट होतात. शुल्क आणि मागितलेले जादा कागद वेळोवेळी बदलतात, ते अर्जाच्या आठवड्यात दूतावासाच्या संकेतस्थळावरूनच घ्या, कुणाच्या जुन्या अनुभवावरून नको.

इथे एक पेच आहे. परमिट ऑक्टोबरात घ्यावं लागतं, व्हिसा बराच नंतर मिळतो, आणि व्हिसा नाकारला तर परमिटचे पैसे बुडतात. यावर पक्का तोडगा नाही. आम्ही फक्त आगाऊ रक्कम भरून परमिट घेतलं आणि विमानाची तिकिटं व्हिसा हातात आल्यावरच काढली. अर्जासाठी आरक्षण पुरतं.

तिकीट काढताना वाटेतल्या विमानतळाचा नियमही बघा. भारतातून लिमाला थेट विमान नाही. अमेरिकेतून विमान बदलायचं तर नुसत्या बदलासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो. युरोपात देशागणिक वेगळा नियम आहे. स्वस्त तिकीट दिसलं म्हणून लगेच घेऊ नका.

पिवळ्या तापाची लस

यात सर्वांत जास्त लोक फसतात. कुस्को आणि माचू पिचूच्या उंचीवर पिवळ्या तापाचा धोका जवळजवळ नाही, त्यामुळे “आम्ही जंगलात जाणारच नाही, मग लस कशाला” असं वाटतं. पण ही अट परत येताना भारत सरकार घालतं. पेरू भारताच्या यादीत पिवळ्या तापाचा देश आहे, तुम्ही तिथे कुठल्या भागात फिरलात याने फरक पडत नाही. लसीचं प्रमाणपत्र नसेल आणि तो देश सोडून सहा दिवस झाले नसतील, तर विमानतळावरून विलगीकरणात जावं लागू शकतं.

प्रमाणपत्र लस घेतल्याच्या दहा दिवसांनंतर ग्राह्य होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, घरच्या डॉक्टरांकडची चालत नाही. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य संघटनेची केंद्रं आहेत. वेळ आधी घ्यावी लागते आणि मूळ पासपोर्ट न्यावा लागतो, कारण प्रमाणपत्राच्या पिवळ्या पुस्तिकेवर त्याचा क्रमांक लिहितात. साठीच्या पुढचे, गरोदर महिला, अंड्याची ॲलर्जी असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे यांनी आधी डॉक्टरांशी नीट बोलावं.

उंची आणि विमा

कळसूबाई १,६४६ मीटर. कुस्को शहरच सुमारे ३,४०० मीटरवर आहे आणि ट्रेकमधली सर्वांत उंच खिंड, वार्मिवान्युस्का, ४,२१५ मीटर. परमिटच्या तारखेआधी कुस्को परिसरात किमान दोन-तीन दिवस राहता येईल असंच आरक्षण करा. परमिटची तारीख हलत नाही, त्यामुळे हे दिवस वाचवून काही साधत नाही. प्रवास विमा घेताना त्यात किती मीटरपर्यंतचा ट्रेक येतो ते पॉलिसीत शोधा. अनेक साध्या पॉलिसी त्याआधीच हात वर करतात. ४,२१५ च्या वरचं संरक्षण लेखी मिळालं पाहिजे. तिथे उंचीचा त्रास कमी व्हावा म्हणून कोकाच्या पानांचा चहा देतात. तो तिथेच प्या. कोकाची पानं भारतात अमली पदार्थांच्या कायद्यात येतात, आठवण म्हणूनही बॅगेत घालू नका.

जागा मिळाली नाही तर

माचू पिचूकडे जाणाऱ्या साल्कांताय ट्रेकचा पर्याय मनापासून सुचवतो. त्याला इंका ट्रेलचा कोटा लागू नाही, खिंड ४,६०० मीटरच्या वर जाते आणि ६,२७१ मीटरचं साल्कांताय शिखर समोर असतं. फक्त माचू पिचूचं तिकीट वेगळं काढावं लागतं, संस्कृती मंत्रालयाच्या ‘तू बोलेतो’ या अधिकृत संकेतस्थळावर. जून २०२४ पासून आत फिरण्याचे तीन मार्ग वेगळे केले आहेत आणि तिकीट घेतानाच मार्ग निवडायचा असतो, तेव्हा घाईत भलताच निवडू नका. उत्तरेला वाराझ गावाजवळ वास्करान राष्ट्रीय उद्यानात सांता क्रूझचा ट्रेक आहे, तिथे अशी रोजच्या जागांची चढाओढ नाही. उद्यानाचं तिकीट मात्र जपून ठेवा, आत तपासतात.

नाक्यावर आणि परतताना

किलोमीटर ८२ ला मूळ पासपोर्ट हातात ठेवा, पोर्टरकडच्या बॅगेत नको. काठीच्या टोकाला रबर लावलेलं असावं, एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्या नकोत, ड्रोन नको. माचू पिचूत ४० × ३५ × २० सेंटिमीटरपेक्षा मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत, ती बाहेर ठेवावी लागते. पेरूत शिरल्याची नोंद आता संगणकावर होते, तिची प्रत काढून ठेवा. पासपोर्ट आणि ही नोंद दाखवली की परदेशी पर्यटकाला हॉटेलच्या खोलीवरचा १८ टक्के कर माफ होतो. बिल भरण्याआधी तेवढं सांगा.

मुंबईत उतरल्यावर इमिग्रेशनच्या आधी आरोग्य तपासणीचा टेबल लागतो. पिवळी पुस्तिका सॅकच्या तळाशी ओल्या मोज्यांखाली जाऊ देऊ नका, पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवा.