शापेकोएन्से विमान दुर्घटनेचे आंतरराष्ट्रीय पडसाद

शापेकोएन्से या ब्राझिलियन फुटबॉल क्लबच्या संघाला घेऊन निघालेले लामिया या बोलिव्हियन कंपनीचे विमान २८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री कोलंबियातील मेदेयिन शहराजवळच्या डोंगरात कोसळले. विमानातील ७७ जणांपैकी ७१ जणांचा मृत्यू झाला. मृतांमध्ये १९ खेळाडू, प्रशिक्षक कायो ज्युनियर, क्लबचे पदाधिकारी आणि सामन्याच्या वार्तांकनासाठी निघालेले २० पत्रकार होते. तीन खेळाडू, एक पत्रकार आणि दोन विमान कर्मचारी बचावले. दक्षिण अमेरिकेतील क्लबांसाठी होणाऱ्या कोपा सुदामेरिकाना स्पर्धेच्या अंतिम फेरीचा पहिला सामना ३० नोव्हेंबरला मेदेयिनमध्ये व्हायचा होता आणि त्यासाठीच हा प्रवास होता. या दुर्घटनेनंतर दुसऱ्या देशांतील क्लब, क्रीडासंघटना, सरकारे आणि सामान्य प्रेक्षक ज्या रीतीने पुढे आले, त्याला क्रीडा-इतिहासात वेगळे स्थान आहे.

शापेको हे ब्राझीलच्या सांता कातारीना राज्यातील, त्या वेळी सुमारे दोन लाख वस्तीचे शहर. तेथील या क्लबची स्थापना १९७३ मध्ये झाली. २००९ मध्ये हा संघ ब्राझीलच्या चौथ्या श्रेणीत खेळत होता, तर २०१४ मध्ये तो सर्वोच्च श्रेणीत पोहोचला. एका लहान शहराच्या संघाने आंतरराष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी गाठल्याचे कौतुक ब्राझीलभर चालू असतानाच हा घात झाल्यामुळे लोकांना लागलेला चटका अधिक तीव्र होता.

पहिली आणि सर्वांत वजनदार कृती प्रतिस्पर्धी संघाकडून झाली. मेदेयिनचा अॅटलेटिको नासिओनाल हा क्लब त्याच वर्षी कोपा लिबर्तादोरेस ही दक्षिण अमेरिकी क्लबांची सर्वोच्च स्पर्धा जिंकलेला होता आणि या अंतिम फेरीतही त्याचेच पारडे जड मानले जात होते. दुर्घटनेला एक दिवसही उलटला नव्हता, तोच या क्लबने दक्षिण अमेरिकी फुटबॉल महासंघाला, म्हणजे कोनमेबोलला, विजेतेपद शापेकोएन्सेला द्यावे अशी विनंती केली. महासंघाने आपले सर्व सामने व कार्यक्रम आधीच स्थगित केले होते. ५ डिसेंबर रोजी त्याने ही विनंती मान्य करून शापेकोएन्सेला विजेता घोषित केले. त्यामुळे विजेत्याची २० लाख डॉलरची रक्कम आणि २०१७ च्या कोपा लिबर्तादोरेसमधील प्रवेश शापेकोएन्सेला मिळाला. नासिओनालला महासंघाने खिलाडूवृत्तीचा विशेष पुरस्कार आणि १० लाख डॉलर दिले, आणि जानेवारी २०१७ मध्ये फिफाचा फेअर प्ले पुरस्कारही याच क्लबला मिळाला. शोकसंदेश पाठवणे कोणालाही शक्य असते. हाताशी आलेला चषक आपण होऊन सोडणे ही निराळ्या मोलाची गोष्ट आहे, आणि या नोंदीत नासिओनालला अग्रस्थान द्यावे लागते ते त्यामुळेच.

३० नोव्हेंबरच्या संध्याकाळी, ज्या वेळी सामना सुरू व्हायचा होता त्याच वेळी, मेदेयिनच्या आतानासियो हिरार्दोत स्टेडियममध्ये श्रद्धांजलीची सभा झाली. पांढरे कपडे घातलेले, हातात मेणबत्त्या आणि फुले घेतलेले चाळीस हजारांहून अधिक लोक आत होते, आणि जागा न मिळालेले हजारो लोक बाहेरच्या रस्त्यांवर उभे होते. योगायोगाने दोन्ही क्लबांचे रंग हिरवा आणि पांढरा हेच असल्याने स्टेडियममधील झेंड्यांत यजमान कोण आणि पाहुणे कोण हे वेगळे ओळखू येत नव्हते. ‘साऱ्या खंडाला ऐकू जाऊ द्या, शापेकोएन्से विजेता होता हे आम्ही सदैव लक्षात ठेवू’ अशा अर्थाची घोषणा नासिओनालच्या चाहत्यांनी दिली. ब्राझीलचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री जोसे सेरा यांना तेथे बोलताना अश्रू आवरले नाहीत.

ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष मिशेल टेमेर यांनी तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला. मृतदेह ब्राझीलच्या हवाई दलाच्या हर्क्युलिस विमानांतून मायदेशी आणले गेले आणि ३ डिसेंबर रोजी भर पावसात क्लबच्या आरेना काँडा या मैदानावर सामूहिक अंत्यदर्शन झाले. फिफाचे अध्यक्ष जियानी इन्फान्तिनो तसेच क्लॅरेन्स सीडॉर्फ आणि कार्लेस पुयोल हे माजी खेळाडू त्या वेळी उपस्थित होते. पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमधील साप्ताहिक सभेत मृतांसाठी प्रार्थना केली. ते ज्या सान लोरेन्सो क्लबचे चाहते होते, त्यालाच उपांत्य फेरीत हरवून शापेकोएन्से अंतिम फेरीत आला होता. रिओ दि जानेरोमधील ख्रिस्ताचा पुतळा आणि लंडनमधील वेम्ब्ली स्टेडियमची कमान हिरव्या प्रकाशाने उजळण्यात आली. युरोपातील सामन्यांपूर्वी स्तब्धता पाळली गेली, त्यात बार्सिलोना आणि रेआल माद्रिद यांच्यातील ३ डिसेंबरचा सामनाही होता.

क्लब पुन्हा उभा करण्यासाठी ब्राझीलमधील अनेक क्लबांनी आपले खेळाडू विनामूल्य उसने देण्याची तयारी दाखवली आणि तीन हंगाम शापेकोएन्सेला खालच्या श्रेणीत उतरवू नये असेही सुचवले. ही सवलत प्रत्यक्षात लागू झाली नाही; नव्याने जमवलेल्या संघाने २०१७ च्या हंगामात सर्वांच्या बरोबरीने खेळून आठवे स्थान मिळवले. २५ जानेवारी २०१७ रोजी रिओमध्ये ब्राझील आणि कोलंबिया यांच्यात मृतांच्या कुटुंबीयांच्या मदतीसाठी सामना झाला. बार्सिलोनाने ऑगस्ट २०१७ मध्ये शापेकोएन्सेला जोआन गाम्पेर चषकाच्या, म्हणजे आपल्या वार्षिक मैत्रीपूर्ण सामन्यासाठी बोलावले. त्यात शापेकोएन्सेची ०–५ अशी हार झाली, परंतु दुर्घटनेतून वाचलेला आलान रुशेल त्या सामन्यात पुन्हा मैदानावर उतरला, आणि तेवढ्यासाठीच हा सामना स्मरणात राहिला आहे.

अशा प्रतिसादाची परंपरा जुनी आहे. ४ मे १९४९ रोजी इटलीतील सुपेर्गाच्या टेकडीवर तोरिनो संघाचे विमान आदळल्यानंतर उरलेल्या सामन्यांत प्रतिस्पर्धी क्लबांनीही तोरिनोप्रमाणे आपले युवा संघ उतरवले, आणि अर्जेंटिनाचा रिव्हर प्लेट संघ त्याच महिन्यात तुरिनला जाऊन मदतीसाठी सामना खेळला. फेब्रुवारी १९५८ मध्ये म्युनिकला मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश क्लबच्या संघाचे विमान कोसळल्यानंतर युरोपीय फुटबॉल संघटनेने त्या क्लबला युरोपियन कप या क्लब स्पर्धेच्या पुढील हंगामाचे खास निमंत्रण दिले होते, मात्र इंग्लंडमधील संघटनांनी तो सहभाग होऊ दिला नाही. एप्रिल १९९३ मध्ये आफ्रिकेतील गॅबनच्या किनाऱ्याजवळ विमान कोसळून झांबियाचा राष्ट्रीय संघ मृत्युमुखी पडल्यावर नव्या संघाच्या प्रशिक्षणाची सोय डेन्मार्कने केली.

सहानुभूतीच्या तुलनेत न्यायाची वाट मात्र फार खडतर ठरली. कोलंबियाच्या नागरी विमान वाहतूक विभागाने २०१८ मध्ये दिलेल्या अंतिम अहवालानुसार विमान इंधन संपल्यामुळे कोसळले. उड्डाण आराखड्यात प्रवासाचा कालावधी आणि इंधन पुरण्याचा कालावधी दोन्ही ४ तास २२ मिनिटे असेच दाखवलेले होते, म्हणजे नियमाने बंधनकारक असलेला राखीव साठा नव्हताच. बोलिव्हियाने दुर्घटनेनंतर काही दिवसांतच कंपनीचा परवाना निलंबित केला आणि तिच्या प्रमुखाला अटक केली. विमा कंपन्यांनी मात्र दायित्व नाकारले. त्याऐवजी, पुढे कोणताही दावा न करण्याच्या अटीवर, एका मानवतावादी निधीतून रक्कम देऊ केली गेली. काही कुटुंबांनी ती घेतली, तर अनेकांनी नाकारून वेगवेगळ्या देशांत दाद मागितली. ब्राझीलच्या सिनेटने २०१९ मध्ये नुकसानभरपाईच्या प्रश्नावर चौकशी समिती नेमली.