कांजिण्या : समूहाची प्रतिकारशक्ती आणि लसीकरण

कांजिण्या हा व्हॅरिसेला झोस्टर या विषाणूचा आजार. घरात एकाला आल्या की ज्यांना आधी येऊन गेल्या नाहीत त्यातल्या बहुतेकांना दोन-तीन आठवड्यांत येतातच. पूर्वी देवीशी गोंधळ व्हायचा, हेबर्डन या इंग्रज डॉक्टरने १७६७ मध्ये दोन्हींतला फरक नीट मांडला. देवीचे फोड चेहऱ्यावर, हातापायांवर दाट आणि एका जागचे सगळे एकाच अवस्थेतले. कांजिण्या पोटापाठीवर जास्त, आणि लाल ठिपका, पाणी भरलेला फोड, सुकलेली खपली सगळं शेजारी शेजारी.

एकदा येऊन गेल्या की सहसा परत येत नाहीत, पण विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि काहींना उतारवयात नागीण होऊन बाहेर येतो (विळखा पुरा झाला की माणूस जातो म्हणतात ते खोटं, ती बहुधा एकाच बाजूला राहते). खरा वाद इथलाच. होप-सिम्पसन या इंग्लंडमधल्या साध्या फॅमिली डॉक्टरने १९६५ मध्ये असं मांडलं की आजारी पोरांच्या संपर्कात येऊन मोठ्यांची प्रतिकारशक्ती अधूनमधून ताजी होत राहते. म्हणजे लस देऊन पोरांच्या कांजिण्या थांबवल्या तर म्हाताऱ्यांची नागीण वाढणार! मुख्यतः याच भीतीने ब्रिटन कितीतरी वर्षं थांबलं, तिथे सगळ्या मुलांना लस जानेवारी २०२६ पासून. अमेरिकेत ती १९९५ पासून आहे, दुसरा डोस २००६ पासून, आणि तिथे नागीण वाढली खरी पण ती लसीच्या आधीपासूनच वाढत होती, त्यामुळे होप-सिम्पसनचं म्हणणं चूक नसलं तरी धोका वाटला तेवढा नसावा.

लस जपानचे विषाणूतज्ज्ञ ताकाहाशी यांची, १९७४ मधली. जिवंत पण दुबळा केलेला कांजिण्यांचाच विषाणू, ओका या नावाचा.

अर्धवट लसीकरण मात्र अडचणीचं. जागतिक आरोग्य संघटना किमान ८० टक्के मुलांना लस मिळावी असं धरते, त्याखाली राहिलं तर एकूण केसेस कमी होतात पण लस न मिळालेले लहानपणी सुटतात आणि त्यांना आजार मोठेपणी गाठतो, आणि मोठेपणी न्यूमोनियाचा धोका जास्त, गरोदरपणात तर आणखीच. उष्ण देशांत तसंही लहानपणी सुटलेले बरेच असतात, का ते नक्की ठरलेलं नाही, हवेतली उष्णता आणि दमटपणा हे एक कारण सांगतात. म्हणून हॉस्टेलात साथ येते.

भारतात ही लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन डोस सुचवते, ते बहुतेक जण खाजगी दवाखान्यात स्वतःच्या खर्चाने घेतात.