पायदळाचे पाय आणि 1944चा हिवाळा

नोव्हेंबर 1944. जर्मनीच्या सीमेवरच्या ह्युर्टगेन जंगलात अमेरिकी पायदळातले शिपाई स्वतः खणलेल्या खड्ड्यांत दिवसरात्र बसून होते. तळाशी घोट्यापर्यंत गार पाणी, आणि डोकं वर काढायची सोय नाही. दोन-तीन दिवसांत पाय बधिर व्हायचे. हा हिमदंश नव्हे. हिमदंशात ऊती गोठतात. इथे तापमान शून्याच्या वर असतानाच पाय निकामी होत होते. या विकाराला ‘ट्रेंच फूट’ म्हणतात.

थंडी वाढली की शरीर आतली ऊब राखण्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून धरतं. तासाभरासाठी ही युक्ती उत्तम आहे. पण पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे 25 पट असल्याने ओला पाय सतत गारच राहतो आणि रक्तवाहिन्या सैलावतच नाहीत. त्यात घट्ट बूट आणि हालचाल बंद. प्राणवायूअभावी नसा आणि स्नायू हळूहळू मरू लागतात. बधिरपणामुळे दुखत नाही, म्हणून शिपायाला धोका कळत नाही. खरी वेदना पाय गरम झाल्यावर सुरू होते: पाय लाल होऊन सुजतात, फोड येतात, आग आग होते. रुग्णालयात या जवानांचे पाय पांघरुणाबाहेर उघडे ठेवावे लागत, कारण चादरीचा स्पर्शही सोसवत नसे. काहींना गँगरीन झालं, बोटं कापावी लागली. अनेकांना पुढे कित्येक वर्षं थंडीत पायदुखी छळत राहिली.

त्या हिवाळ्यात युरोपात सुमारे 45 हजार अमेरिकी सैनिक थंडीच्या इजांमुळे रुग्णालयात दाखल झाले. त्यांत बहुसंख्य रायफलधारी, म्हणजे आधीच सर्वांत जास्त मरणारे.

उपाय साधा होता: बूट काढा, पाय पुसून चोळा, कोरडे मोजे घाला. ओले मोजे शिपाई सदऱ्याआत छातीशी धरून वाळवत. तरीही अनेकदा दोष त्यांच्या बेशिस्तीवर ढकलला गेला, आणि हे मला फार अन्यायाचं वाटतं. गोळीबारात बूट काढायचे कसे? युद्ध लवकर संपेल या आशेवर सप्टेंबरात दारूगोळा आणि इंधनाला प्राधान्य मिळालं. रबरी तळाचे हिवाळी बूट बऱ्याच जणांपर्यंत उशिरा पोहोचले. नेहमीच्या बुटांचं चामडं पाणी शोषून घेई. वर, अमेरिकी तुकड्या आठवडेच्या आठवडे आघाडीवरच असत. ब्रिटिश सैन्यात तुकड्यांची अदलाबदल अधिक नियमित होती, पायांची तपासणीही काटेकोर होती. त्यांच्याकडे असे रुग्ण फारच कमी निघाले.

शिवाय हा धडा नवा नव्हता. मे 1943 मध्ये अलास्काच्या अट्टू बेटावर थंडीने सुमारे 1,200 अमेरिकी सैनिक जायबंदी केले होते. शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेले 1,148 होते.