सुई कुणाच्या हाती होती?

फ्लेबोटॉमिस्ट हा शब्द मराठवाड्यात अजून फारसा रुळलेला नाही. लोक 'लॅबवाला' म्हणतात, नाहीतर 'रक्त काढणारा पोरगा'. काम मात्र जुनं आहे.

१९५८ साली हिवताप निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा आरोग्य कर्मचारी दर पंधरवड्याला दारोदार फिरून 'घरात कुणाला ताप आहे का?' विचारायचा, बोटाला टोचून काचपट्टीवर थेंब घ्यायचा. नांदेड, लातूरकडे हत्तीरोगाचं पथक तर रात्री यायचं, कारण त्याचे जंतू रक्तात रात्रीच सापडतात. झोपेतून उठवून लेकराचं बोट पुढं करायला आईची समजूत काढणं, हे सुईपेक्षा अवघड काम होतं.

शिरेतून रक्त घेणं वेगळं. ते डॉक्टर किंवा सिस्टर करायच्या, उकळून घेतलेल्या काचेच्या सिरिंजनं. १९५६ मध्ये औरंगाबादला, सत्तरच्या दशकात अंबाजोगाईला, १९८८ मध्ये नांदेडला आणि २००२ मध्ये लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आली. तपासण्या वाढल्या, तशी डीएमएलटी, म्हणजे प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका, झालेल्यांची गरजही वाढली. पण त्या अभ्यासात भर तपासणीवर. सुई धरायची ती सीनियरच्या शेजारी उभं राहून, समोरच्याच्या दंडावर शिकायची. मला हे कायम खटकत आलंय. नमुना घेतानाच चूक झाली तर पुढचं महागडं मशीनही खरं सांगू शकत नाही.

रंगीत झाकणांच्या ट्यूबा आल्या तेव्हा हे ठळक झालं. भरायचा क्रम ठरलेला: निळी आधी, मग लाल, जांभळी नंतर, करडी शेवटी. जांभळीतल्या ईडीटीएचा, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाचा, अंश लालमध्ये गेला तर पोटॅशियम खोटं वाढतं, कॅल्शियम खोटं घटतं. निळीत नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट, तेही रक्त गोठू न देणारंच. ट्यूब अर्धवट भरली की रक्त गोठण्याचा रिपोर्ट चुकलाच.

आता कौशल्य विकासात फ्लेबोटॉमीचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं प्रयोगशाळा तंत्रज्ञांसह अशा आरोग्य व्यवसायांच्या शिक्षणाला नि नोंदणीला चौकट दिली.

सवयी मात्र हळूहळू सुटतात. उन्हातून आलेल्या ऊसतोड बाईची शीर दिसत नाही, तेव्हा 'मावशी, मूठ उघडझाप करा' हे आपसूक तोंडी येतं. त्यानंही पोटॅशियम वाढतं. त्यापेक्षा मावशींना पाणी द्यावं, हात खाली सोडायला सांगावा, दंडाला बांधलेला पट्टा एका मिनिटाच्या आत सोडावा, आणि शीर डोळ्यांनी न शोधता बोटानं चाचपावी.