ठरलेल्या पोशाखाची वेशभूषा : लिझी क्रिस्ट्ल आणि कार्डिनलांचा लाल

गणवेश आधीच ठरलेला असेल, तर वेशभूषाकाराच्या हाती काय उरतं? जर्मन वेशभूषाकार लिझी क्रिस्ट्ल यांच्या कामाकडे पाहताना हा प्रश्न टाळता येत नाही. 1937 च्या चीनमधल्या नानजिंग शहरावरचा चित्रपट आणि एलिझाबेथकालीन लंडनच्या नाट्यसृष्टीवरचा चित्रपट, या दोन्हींसाठी त्यांना 2009 आणि 2012 मध्ये जर्मनीचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला. दुसऱ्यासाठी ऑस्करचं पहिलं नामांकनही मिळालं.

2022 मधला पहिल्या महायुद्धावरचा चित्रपट तर गणवेशापासूनच सुरू होतो. मेलेल्या सैनिकाच्या अंगावरचा कोट उतरवला जातो, धुतला जातो, शिवणयंत्रांवर दुरुस्त होतो आणि नव्या पोराच्या हाती येतो. आत जुन्या मालकाच्या नावाची पट्टी तशीच असते. संवादांना जे सांगायला वेळ लागला असता, ते इथे कापड सांगून जातं. या कामाला ऑस्करचं नामांकन नव्हतं, ही मोठी चूक होती.

खरा वादाचा मुद्दा पुढच्या ‘कॉन्क्लेव्ह’ (2024) या चित्रपटात आहे. कॉन्क्लेव्ह म्हणजे नवा पोप निवडण्यासाठी भरणारी कार्डिनलांची, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या ज्येष्ठ धर्मगुरूंची, बंद दाराआडची सभा. कार्डिनलांना लाल टोपी तेराव्या शतकात मिळाली आणि झग्याचा लालही शतकानुशतकांचा. 1969 च्या व्हॅटिकनच्या सूचनेने हा पोशाख बराच साधा केला. आजचा लाल उजळ, नारिंगीकडे झुकणारा आहे. क्रिस्ट्ल यांनी तो नाकारला. सतराव्या शतकातल्या चित्रांत दिसणारा गडद लाल निवडला आणि कापडही जाड घेतलं. हे वास्तवाशी प्रामाणिक नाही, असं म्हणता येईल. पण एकाच रंगाच्या झग्यांतली शंभराहून जास्त माणसं एका दालनात बसवायची, तर उजळ लाल चेहऱ्यांवर मात करतो. गडद लाल मागे सरतो आणि चेहरे पुढे येतात. मग माणसामाणसांतला फरक गळ्यातल्या क्रूसावर, अंगठीवर आणि चष्म्यावर सोपवता येतो. निर्णय योग्यच होता.

मे 2025 मध्ये खरं कॉन्क्लेव्ह भरलं, तेव्हा दोन्ही लाल जगाला शेजारी शेजारी पाहता आले. त्याआधी मार्चमध्ये, ‘कॉन्क्लेव्ह’च्या वेशभूषेला नामांकन असूनही, ऑस्कर एका संगीतपटाच्या वेशभूषेला गेलं होतं.