रेपरॅप प्रकल्प

स्वतःचे सुटे भाग स्वतःच छापू शकेल असा घरगुती थ्रीडी प्रिंटर बनवण्याचा मुक्तस्रोत प्रकल्प. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात एड्रियन बॉयर यांनी तो २००५ मध्ये सुरू केला. आराखडे आणि संगणक प्रणाली मुक्त परवान्याखाली कोणालाही वापरण्यास, बदलण्यास व विकण्यास खुल्या होत्या.

या यंत्रात प्लॅस्टिकची तार तापलेल्या बारीक तोटीतून वितळून बाहेर पडते आणि थरावर थर चढून वस्तू तयार होते. हे तंत्र स्ट्रॅटसिस या अमेरिकन कंपनीने आधीच विकसित केले होते, पण तिची यंत्रे घरगुती ग्राहकाच्या आवाक्याबाहेर होती.

बॉयर यांची कल्पना जीवशास्त्रातली. यंत्राने यंत्राला जन्म द्यावा, प्रत्येक पिढीत कोणीतरी सुधारणा करावी आणि चांगले वाण टिकावे. म्हणूनच मॉडेलांना डार्विन, मेंडेल, हक्सली अशी जीवशास्त्रज्ञांची नावे मिळाली. मे २००८ मध्ये एका डार्विनने छापलेल्या भागांतून दुसरा डार्विन उभा राहिला. मात्र मोटारी, सर्किट, पोलादी सळ्या, नट-बोल्ट बाजारातूनच आणावे लागले आणि जुळणी माणसानेच केली. ‘पैशाविना संपत्ती’ ही बॉयर यांची घोषणा त्यामुळे अर्धीच खरी ठरली. आराखड्यांची उत्क्रांती मात्र खरोखर झाली: चेक प्रजासत्ताकातील योसेफ प्रुशा यांनी २०१० मध्ये मेंडेल सोपा केला आणि पुढे त्याच्याच असंख्य नकला निघाल्या.

२००९ मध्ये स्ट्रॅटसिसच्या मूळ पेटंटाची मुदत संपली. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या मेकरबॉटने रेपरॅपच्या आधाराने सुट्या भागांचे संच विकायला घेतले, २०१२ च्या नव्या यंत्राचे आराखडे मात्र झाकून ठेवले. पुढच्याच वर्षी ती कंपनी स्ट्रॅटसिसने विकत घेतली. मुक्त आराखड्यांवर वाढलेली कंपनी अशी पेटंटवाल्याच्याच घरी गेली, हे रेपरॅपच्या स्वयंसेवकांना झोंबणे साहजिक होते.

घरोघरी कारखाना उभा राहील ही अपेक्षा फोल गेली, कारण वस्तू छापण्याआधी ती संगणकावर रेखाटता यावी लागते. जिथे नेमकी गरज होती तिथे यंत्र कामी आले. दक्षिण आफ्रिकेतील सुतार रिचर्ड व्हॅन आस यांची बोटे २०११ मध्ये अपघातात तुटली. अमेरिकेतील आयव्हन ओवेन यांच्यासोबत त्यांनी छापता येणारा कृत्रिम हात घडवला आणि आराखडा सर्वांना दिला.

स्वस्त यंत्रे आज कारखान्यांतून तयार येतात आणि अनेकांचे आराखडे बंद असतात. मुक्त परवान्याची पकड मात्र सुटलेली नाही. संगणकावरील आकृतीचे छापण्याजोगे थर पाडणारी ‘स्लायसर’ ही प्रणाली रेपरॅपच्या वर्तुळात जन्मली; तिच्यातून प्रुशांची प्रणाली निघाली, तिच्यातून चीनच्या बांबू लॅब या प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीची. मुक्त प्रणालीवरून बनवलेली प्रणालीही मुक्तच ठेवावी, अशी या परवान्याची अट आहे. त्यामुळे आपल्या प्रणालीचा स्रोत बांबू लॅबलाही खुला ठेवावा लागतो.